पाच हजारांचं घराणं

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव आणि शिरूर ही तिची वाट. त्या गाडीची बॉडी लाकडी होती. पुढे लाकूड गेलं आणि ॲल्युमिनियमचा पत्रा आला. लाल रंगाचा पोपडा जिथे उडाला असेल तिथे खालून चमकणारा रुपेरी पत्रा आणि त्यावर ओळीने ठोकलेले रिव्हेट, हे चित्र दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत आहे. मग गेल्या दशकाच्या अखेरीस महामंडळाच्या कार्यशाळांमध्ये जुन्या चॅसींवर माइल्ड स्टीलच्या नव्या बॉड्या चढू लागल्या. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा फाटतो आणि त्याच्या कडा प्रवाशांना कापतात, हे त्यामागचं एक मोठं कारण सांगितलं गेलं.

त्याच सुमाराला पुण्यात मेट्रोची तयारी चालू होती, आणि तिचे डबे ॲल्युमिनियमचे ठरले होते. एका वाहनातून जो धातू बाहेर काढला, तोच दुसऱ्यात मुद्दाम घातला. यात विसंगती वाटत असेल तर त्याचं कारण एवढंच, की आपण ‘ॲल्युमिनियम’ हे एका धातूचं नाव समजतो. व्यवहारात ते आडनाव आहे. एकाच आडनावाच्या दहा माणसांचे स्वभाव जसे दहा असतात, तसंच इथेही असतं. या प्रकरणात त्यातल्या एका घराण्याची ओळख करून घ्यायची आहे. या घराण्यात ॲल्युमिनियमची सोयरीक मॅग्नेशियमशी जुळलेली आहे.

आधी शुद्ध धातू पाहू. शिरूर-दौंडच्या खेड्यांत जुन्या बायका ॲल्युमिनियमच्या भांड्याला अजून ‘जर्मलचं’ म्हणतात. या नावाचं मूळ ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये आहे. गंमत अशी की खऱ्या जर्मन सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियम नसतंच; त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. रुपेरी दिसतं म्हणून नाव चिकटलं आणि तेच राहिलं. हे जर्मलचं पातेलं जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून ते एकदा ओट्यावरून पडलं की पोचा येतो आणि कायमचा राहतो. मऊ केलेल्या शुद्ध ॲल्युमिनियमची एक चौरस मिलिमीटर छेदाची पट्टी टांगली, तर साधारण ९ किलो वजनाला ती तुटते. तेवढीच पट्टी साध्या पोलादाची असेल, तर ४२ किलोच्या आसपास तग धरते.

आता त्याच ॲल्युमिनियममध्ये शंभराला साडेचार या हिशोबाने मॅग्नेशियम आणि चिमूटभर मँगनीज घाला. पट्टी मऊच ठेवा, तिला ठोकू नका की लाटू नका. तरी ती २८ किलो पेलते. ताकद तिप्पट झाली आणि वजन वाढण्याऐवजी किंचित घटलं, कारण मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं. पाण्याच्या तुलनेत ॲल्युमिनियम २.७० पट जड, मॅग्नेशियम १.७४ पट, आणि हा मिश्रधातू २.६६ पट. पोलाद ७.८५ पट. म्हणजे किलोला किलो तोलून पाहिलं, तर हा पत्रा साध्या पोलादापेक्षा जवळपास दुप्पट ताकदीचा निघतो.

एवढ्याशा भरीने असं काय होतं? शिरूरकडचा कांदा डोळ्यांपुढे आणा. एकसारख्या आकाराचे कांदे थरावर थर नीट लावले, तर वरचा थर खालच्यावरून सहज सरकतो. अधूनमधून एखादा मोठा कांदा आला, की त्याच्याभोवतीची ओळ वाकडी होते आणि सरकणारा थर तिथे अडतो. ॲल्युमिनियमच्या आत अणूंचे असेच शिस्तीतले थर असतात. पत्रा वाकतो तेव्हा हे थर एकदम सरकत नाहीत. थरातली एक चूक, एक अर्धवट राहिलेली ओळ, अणू-अणूने पुढे जात राहते. शुद्ध धातूत तिला कुणीच अडवत नाही. मॅग्नेशियमचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी मोठा. तो ओळीत बसतो, पण बसताना आजूबाजूला रेटा देतो, आणि त्या रेट्यात चूक अडकते. ती पुढे ढकलायला जास्त जोर लागतो. हा जास्तीचा जोर म्हणजेच वाढलेली ताकद.

मग मॅग्नेशियम दहा टक्के, वीस टक्के का घालत नाहीत? घालून पाहिलं गेलं आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लुडविग माख याने असा मिश्रधातू पुढे आणला आणि त्याला ‘मॅग्नेलियम’ म्हटलं. आवाजाच्या वेगाच्या संदर्भात ज्यांचं नाव आपण घेतो, त्या अर्न्स्ट माख यांचा हा मुलगा. मॅग्नेशियम जसं वाढतं, तसा धातू ठिसूळ होत जातो. निम्मं-निम्मं केलं तर तो कुटून भुकटी करण्याइतका ठिसूळ होतो, आणि ही भुकटी आजही आतषबाजीत तडतडणाऱ्या पांढऱ्या ठिणग्यांसाठी वापरतात. ज्या धातूची बोट होते, त्याचाच भाऊ फटाक्यात जातो. फरक फक्त प्रमाणाचा. लाटून पत्रा करायचा असेल तर मॅग्नेशियम साधारण पाच टक्क्यांच्या आसपास थांबवावं लागतं.

असे लाटून, ओढून किंवा दाबून आकार देण्याचे मिश्रधातू म्हणजे ‘घडीव’, आणि साच्यात ओतून करायचे ते ‘ओतीव’. इंजिनाचे अवजड भाग ओतीव असतात. आपण बोलतो आहोत ते घडीव. त्यांना चार आकडी नंबर देण्याची पद्धत अमेरिकेत १९५४ साली रूढ झाली आणि आज जगभर चालते. पहिला आकडा सोयऱ्याचं नाव सांगतो. १ म्हणजे जवळजवळ शुद्ध, २ म्हणजे तांबं, ३ म्हणजे मँगनीज, ५ म्हणजे मॅग्नेशियम, ६ म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही, ७ म्हणजे जस्त. म्हणून आपलं हे पाच हजारांचं घराणं. भारतीय मानकांतले जुने आकडे वेगळे आहेत, पण तेही बोलके आहेत. आयएस ७३७ मध्ये ५४३०० असं लिहिलेलं दिसेल. त्यातला ५ मॅग्नेशियमचा आणि ४ म्हणजे साधारण चार टक्के. हाच जगाचा ५०८३.

५०८३ हा या घराण्यातला कर्ता पुरुष म्हणावा असा. एक क्विंटल घेतला तर त्यात ४ ते ४.९ किलो मॅग्नेशियम असतं, ४०० ग्रॅम ते एक किलो मँगनीज, आणि ५० ते २५० ग्रॅम क्रोमियम. लोखंड आणि सिलिकॉन मुद्दाम घातलेले नसतात. ते खनिजातून आणि भंगारातून येतात, आणि प्रत्येकी ४०० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नाहीत असा दंडक आहे. तांब्यावर सगळ्यांत कडक नजर: क्विंटलमागे १०० ग्रॅम. याचं कारण पुढे येईल. उरलेलं सगळं ॲल्युमिनियम. मँगनीज आणि क्रोमियम यांचं काम पहारेकऱ्यासारखं. धातू तापवून लाटताना त्याचे स्फटिक फुगून मोठे होऊ पाहतात, त्यांना हे दोघे लहान ठेवतात.

धाकटा भाऊ ५०५२. त्यात मॅग्नेशियम २.२ ते २.८ टक्के, क्रोमियम ०.१५ ते ०.३५ टक्के, मँगनीज जवळजवळ नाही. ताकद कमी, पण वाकवायला फार समंजस. पेट्या, टाक्या, पॅनेल, कपाटं असलं घडीव काम करणाऱ्यांचा हा आवडता पत्रा. मधला ५४५४, ज्यात मॅग्नेशियम २.४ ते ३ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवतात. तीन टक्क्यांवरच का थांबवलं, हे या घराण्याचं सगळ्यांत महत्त्वाचं गुपित आहे, आणि मी त्यावर जास्त वेळ घेणार आहे.

त्याआधी ५१८२. हा तुमच्या हातात येऊन गेलेला आहे. पुणे-नगर किंवा पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीत थंड पेयाचा कॅन मिळतो. त्याची वरची चकती आणि त्याचं पिंप हे दोन वेगळे धातू आहेत. पिंपाला तीन हजारांच्या घराण्यातला, सुमारे एक टक्का मॅग्नेशियमचा मऊ पत्रा लागतो, कारण तो ओढून ओढून भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटर उरेपर्यंत ताणायचा असतो. चकतीला मात्र आतल्या वायूचा दाब सोसायचा असतो आणि कडी ओढली की ठरलेल्या रेषेवरच फाटायचं असतं. म्हणून तिथे ४ ते ५ टक्के मॅग्नेशियमचा ५१८२. रिकामा कॅन अंगठ्याने चेपून पाहा. बाजू लगेच बसते, चकती बसत नाही. भंगारात हे दोन्ही एकत्र वितळतात, वितळताना थोडं मॅग्नेशियम जळून जातं, आणि कारखान्यात ते पुन्हा मोजून घालावं लागतं. नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांत भंगारातून ते परत मिळतं. भंगारवाला कॅन वेगळे ठेवतो, ते उगाच नाही.

मॅग्नेशियमची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ॲल्युमिनियमचं खनिज आपल्याकडे आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूला दुर्गमानवाडीच्या पठारावरून बॉक्साइट निघत आलं आहे, आणि तिथून बेळगावच्या कारखान्यात त्याचं ॲल्युमिना होतं. मॅग्नेशियम धातूसाठी मात्र सगळं जग चीनकडे बघतं. २०२१ च्या अखेरीस तिथल्या वीजटंचाईत उत्पादन घटलं, तेव्हा युरोपातले ॲल्युमिनियमवाले हवालदिल झाले होते. शंभरातले चार भाग नसले, तर उरलेल्या शहाण्णवांचं काम अडतं.

नंबरानंतर एक इंग्रजी अक्षर आणि आकडे येतात: ५०५२-एच३२, ५०८३-ओ, ५०८३-एच११६. व्यापारी याला ‘टेम्पर’ म्हणतात. ‘ओ’ म्हणजे भट्टीत तापवून पूर्ण मऊ केलेला. ‘एच’ म्हणजे थंडपणी लाटून कडक केलेला. तारेचा तुकडा तुम्ही एकाच जागी पुढे-मागे वाकवला असेल. पहिल्यांदा सहज वाकतो, मग हट्टी होतो, मग तुटतो. त्या ‘हट्टी’ टप्प्यावर थांबणं म्हणजे ‘एच’ टेम्पर. ५०५२ मऊ असताना एक चौरस मिलिमीटरवर साडेसहा किलोच्या पुढे कायमचा वाकू लागतो. एच३२ मध्ये तीच मर्यादा १६ किलोवर जाते. सहा हजारांच्या घराण्याला भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद तापवून कडक करता येतं. पाच हजारांच्या घराण्यावर या भट्टीचा उपयोग होत नाही. याला मिळते ती ताकद दोनच वाटांनी, मॅग्नेशियमने आणि लाटण्याने.

याचा फायदा वेल्डिंगच्या वेळी दिसतो. शिरूर, सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ या भागात ‘आरगॉन वेल्डिंग’च्या पाट्या जागोजाग आहेत. आरगॉन हा नुसता पहारा देणारा वायू. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून तो टॉर्चमधून सोडतात. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग शिकणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो याचा, की हा धातू तापून लाल होत नाही. लोखंड आधी रंगाने सांगतं. हा काहीच न सांगता एकदम खाली गळतो. दुसरी अडचण वरच्या सालीची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची साल दोन हजार अंशांच्या पुढे. आत पाणी आणि वर न फुटणारी पिशवी, असा प्रकार. म्हणून एसी करंट लावतात. त्याच्या उलट्या फेरीत ही साल उडते आणि सुलट्या फेरीत धातू वितळतो. पाच हजारांच्या पत्र्यावर काम केलं की शिवणीच्या कडेला काळी काजळी बसते. ती उडालेल्या मॅग्नेशियमची. ब्रशने निघते, त्यात बिघाड नाही.

वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीच्या आजूबाजूचा पत्रा पुन्हा मऊ होतो, म्हणजे ‘ओ’ टेम्परला येतो. सहा हजारांतला ६०६१ तिथे आपली चाळीस टक्क्यांच्या आसपास ताकद गमावतो. ५०८३ मऊ झाला तरी २८ किलो पेलतोच. जहाज बांधणारे याला पसंत करतात त्याचं अर्धं कारण हे. तटरक्षक दलाच्या अनेक वेगवान इंटरसेप्टर बोटींचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, आणि जगभर अशा कामाला ५०८३ हाच नेहमीचा पत्रा आहे. थंडीचंही त्याला भय नाही. दाभोळच्या टर्मिनलवर नैसर्गिक वायू द्रवरूपात, उणे १६२ अंशांना येतो. त्या तापमानाला साधं पोलाद काचेसारखं तडकतं. ५०८३ उलट जास्त ताकदवान होतो, म्हणून हा वायू वाहणाऱ्या जहाजांतल्या मोठ्या गोल टाक्या त्याच्याच करतात.

पसंतीचं उरलेलं अर्धं कारण म्हणजे तो गंजत नाही. खरं तर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षाही घाईने हवेशी संयोग पावतं, पण त्यातून तयार होणारी साल काही नॅनोमीटर जाडीची, घट्ट आणि चिकट असते. ती पुढची हवा अडवते, आणि ओरखडा पडला की क्षणात पुन्हा धरते. मॅग्नेशियममुळे ही साल बिघडत नाही. तांब्यामुळे बिघडते, तांब्याचा कण आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलाव्यात छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. क्विंटलमागे १०० ग्रॅमची ती कडक नजर म्हणून.

ही साल आम्लापेक्षा अल्काला घाबरते. दूध गोळा करणाऱ्या गाड्यांवर दोन्ही बाजूंना लोंबणारे ॲल्युमिनियमचे कॅन शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत वर्षानुवर्षं दिसत आले आहेत. त्यांच्यासाठी आयएस १८२५ हे स्वतंत्र भारतीय मानकच आहे. दुधातल्या सौम्य आम्लाने कॅनचं फारसं बिघडत नाही. कॅन खराब होतो तो धुताना. कॉस्टिक सोडा किंवा कडक धुण्याचा सोडा लावला की साल विरघळते, आतला धातू उघडा पडतो, कॅन काळवंडतो आणि खरबरीत होतो. त्या खरबरीत जागेत दुधाचा अंश अडकतो आणि पुढचं दूध नासतं. डेअरीच्या खास धुण्याच्या पावडरींत सिलिकेट घालतात ते हे टाळण्यासाठी. केडगाव-यवतच्या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांतही हाच नियम. रस निवळायला चुना वापरतात, आणि चुना अल्क आहे. ॲल्युमिनियमची काहील तिथे टिकणार नाही. ओल्या सिमेंटला टेकलेल्या खिडकीच्या चौकटीवर पांढरे डाग पडतात, ते याच जातीचे.

आता ते तीन टक्क्यांचं गुपित.

ॲल्युमिनियम ४५० अंशांना तापलेलं असताना स्वतःच्या पोटात जवळपास १५ टक्के मॅग्नेशियम विरघळवून घेऊ शकतं. थंड झाल्यावर त्याची ही ऐपत दोन टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे ५०८३ च्या पोटात साडेचार टक्के मॅग्नेशियम आहे, पण हक्काची जागा दोनालाही नाही. बाकीचे अणू अडकून पडले आहेत. नेहमीच्या तापमानाला त्यांना हलता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं काही होत नाही. पण पत्रा दीर्घकाळ ६५ अंशांच्या वर राहिला, की हे जास्तीचे अणू हळूहळू सरकू लागतात आणि स्फटिकांच्या सीमांवर जाऊन साचतात. तिथे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं एक वेगळंच संयुग तयार होतं, आणि ते खाऱ्या पाण्यात पटकन झिजतं.

दगडी भिंतीची उपमा इथे चपखल बसते. दगड शाबूत, पण दरजांमधला चुना पोखरला गेला. बाहेरून भिंत उभी दिसते, आणि एक दिवस ताण आला की दरजेदरजेने चिरते. अमेरिकी नौदलाच्या टिकॉन्डेरोगा वर्गाच्या जहाजांवर हेच घडलं. त्यांचा वरचा इमला ५४५६ या, पाच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असलेल्या पत्र्याचा. उन्हात तापणारं डेक, खारा वारा आणि लाटांचा सततचा ताण यांनी काही वर्षांत मोठ्या संख्येने तडे गेले, आणि दुरुस्तीला बराच खर्च झाला. तिथला धातू भेसळीचा नव्हता, प्रमाणही ठरल्याप्रमाणे होतं. चुकलं ते त्याला दिलेल्या जागेचं.

हा दोष आधी ओळखण्याची एक चाचणी आहे. पत्र्याचा तुकडा ३० अंशांच्या तीव्र नायट्रिक आम्लात २४ तास बुडवून ठेवायचा आणि वजनातली घट मोजायची. तीव्र नायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमला फारसं हात लावत नाही, पण दरजांतलं ते संयुग खाऊन टाकतं. एका चौरस सेंटिमीटरमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत घट असेल तर पत्रा निर्धोक, २५ च्या वर गेली तर धोक्याचा. एच११६ आणि एच३२१ हे जहाजी टेम्पर अशा कसोट्या लावूनच विकले जातात.

म्हणून ५४५४ तीन टक्क्यांवर थांबतो. गरम माल वाहणाऱ्या टँकरला ताकद थोडी कमी चालेल, पण उष्णतेत टिकणारा धातू हवा. दौंडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की वैशाखात गडद रंगाचा पत्रा दुपारी हाताला लावून घेत नाही. सायलेन्सरजवळची ढाल, वाफेच्या नळ्यांलगतचं आवरण, गरम द्रवाची टाकी अशा कामांना ‘जास्त ताकदीचा’ म्हणून ५०८३ घेणं चूक आहे. तिथे ५०५२ किंवा ५४५४ योग्य.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत या धातूंचा एक वेगळा संसार २०२१ पासून बघायला मिळतो. त्या वर्षी तिथे जीप रँग्लरची जुळणी सुरू झाली. तिचं बॉनेट, दारं, दारांच्या बिजागऱ्या आणि पुढच्या काचेची चौकट ॲल्युमिनियमची, आणि मागच्या दारात मॅग्नेशियम. वजन घटवायचं असेल तर मोटारवाल्यांना या दोन धातूंकडेच यावं लागतं. मोटारउद्योगात बाहेरून दिसणारा पत्रा सहसा सहा हजारांचा आणि आतला पाच हजारांचा असतो. कारण पाच हजारांचा पत्रा साच्यात ताणला की त्यावर ज्वाळेसारख्या पुसट रेघा उमटतात, आणि त्या रंगाखालूनही दिसतात. आतल्या बाजूला त्याचं काही बिघडत नाही.

दौंड जंक्शनवरून मालगाड्या जातात त्यांच्या बाबतीतही हा हिशोब आता होऊ लागला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरला देशातली पहिली ॲल्युमिनियम मालगाडी रुळांवर आली. तिचा ६१ वाघिणींचा रेक पोलादी रेकपेक्षा १८० टनांनी हलका आहे. एवढं ओझं प्रत्येक फेरीत, येताना आणि जाताना, ओढावं लागत नाही.

मग एसटीचं काय चुकलं? माझं मत असं, की महामंडळाचा निर्णय बरोबर होता, पण त्यावरून धातूला नावं ठेवणं बरोबर नाही. ॲल्युमिनियमची लवचीकता पोलादाच्या तिप्पट आहे, म्हणजे तेवढ्याच जाडीचा पत्रा तेवढ्याच जोराला तिप्पट वाकतो. तीच ताठरता हवी असेल तर एक मिलिमीटर पोलादाच्या जागी जवळपास दीड मिलिमीटरचा पत्रा लागतो. इतकं करूनही वजन निम्मंच भरतं. मेट्रोच्या डब्यात हे साधतं, कारण तिथे लांबलचक पोकळ पट्ट्या एकमेकींना अखंड जोडून पूर्ण डबाच भार घेणारी पेटी बनवलेली असते. रिव्हेटने ठोकलेला पातळ पत्रा धक्क्यात रिव्हेटच्या भोकांवरून सुटतो आणि फाटतो. मिश्रधातू कितीही चांगला निवडला, तरी सांगाडा त्याच्या स्वभावाला धरून बांधावा लागतो. आहे त्याच पद्धतीने, आहे त्या कार्यशाळांत, आहे त्या खर्चात बस बांधायची असेल, तर पोलाद हाच सुरक्षित मार्ग होता.

तुम्ही फॅब्रिकेशनच्या धंद्यात असाल, दूध-डेअरी चालवत असाल, टेम्पोची बॉडी किंवा पाण्याची टाकी करून घेणार असाल, तर एक विनंती आहे. दुकानात जाऊन ‘ॲल्युमिनियमचा पत्रा द्या’ एवढंच म्हणू नका. ६०६१-टी६ काटकोनात वाकवला तर चिरतो, आणि दोष कामगारावर येतो; त्या जागी ५०५२-एच३२ निमूट वाकला असता. पत्र्यावर छापलेला नंबर आणि टेम्पर वाचा. छापलेला नसेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यात मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या ओळी बघा. पत्रा कुठे लागणार, किती तापणार, कशाने धुतला जाणार, हे विकणाऱ्याला आणि वेल्डरला आधी सांगा. आणि बिलावर ‘ॲल्युमिनियम पत्रा’ असं मोघम न लिहू देता तो चार आकडी नंबर लिहून घ्या.